खुराड्याला घाम

कोकणात थंडी पडते म्हटलं की घाटावरची माणसं हसतात. रत्नागिरी म्हणजे समुद्र, घाम आणि हापूस, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. किनाऱ्यावरच्या गावांपुरतं ते खरंही आहे, कारण समुद्र तिथला पारा फार खाली उतरू देत नाही. पण दापोलीकडे चढून या. समुद्र काही कोसांवर, तरी गाव आठशे फुटांच्या आसपास उंचीवर. इंग्रजांनी इथे उगाच छावणी टाकली नव्हती. काही वर्षी जानेवारीत इथला पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि मग वर्तमानपत्रांत ‘मिनी महाबळेश्वर गारठले’ अशी बातमी येते. बागायतदार ती बातमी वाचून खूश होतो, कारण थंडी पडली तर कलमांना मोहोर चांगला धरतो. आमच्या घरात मात्र त्या थंडीचा पहिला विचार व्हायचा तो कोंबड्यांसाठी.

आमचं गाव दापोली-खेड रस्त्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. वाडीत पंधरा-वीस घरं, आणि कोंबड्या नाहीत असं एकही घर नव्हतं. बाबा मुंबईला गिरणीत, साचाखात्यात. त्यांची मनीऑर्डर महिन्याच्या दहा तारखेच्या पुढेमागे यायची. तो पैसा घराचा. वाण्याची उधारी, शेतसारा, औषधपाणी त्यातून व्हायचं. कोंबड्यांचा पैसा आयेचा. त्याचा हिशेब कुणी मागायचा नाही आणि ती कुणाला द्यायची नाही. पण आमची पाटी-पेन्सिल, बहिणीचं परकराचं कापड, आजारी पडलो तर दापोलीची एसटी, हे सगळं त्याच पैशातून निघायचं. राखणीला कोंबडा लागायचा, गौरीच्या तिखट्या सणाला लागायचा, मे महिन्यात चाकरमानी आले की लागायचाच. गिऱ्हाईक शोधत जावं लागत नसे. पिल्लं जगवणं तेवढं आपल्या हातात.

खुराडं पडवीला लागून, जांभ्या चिऱ्याचं, कंबरेएवढं उंच. वर कौलं, पुढे फळीचं दार. दिवाळी झाली की आये त्याची डागडुजी काढायची. जुना तूस खरवडून माडांच्या आळ्यात टाकायचा, जमीन दोन दिवस उन्हाने वाळू द्यायची आणि मग चांगला वीतभर कोरडा तूस पसरायचा. तुसात मूठ-मूठ चुलीतली राख आणि निगडीचा पाला, म्हणजे पिसवा होत नाहीत. बसायला बांबूची गोल दांडी ती घालू द्यायची नाही. ऐनाची चपटी फळी घालायची. गोल दांडीवर कोंबडीची बोटं आवळलेली आणि उघडी राहतात. चपट्या फळीवर ती बसकण मारते, पोटाची पिसं बोटांवर येतात आणि पाय रात्रभर उबेत राहतात. हे तिला कुणी शिकवलं होतं ते ठाऊक नाही. तिच्या आयेने शिकवलं असणार.

थंडीच्या दिवसांत शेवटचा दाणा उशिरा आणि पोटभर. दिवस कलला की ती कणी पाखडायला घ्यायची, त्यात सुकटीचा चुरा मिसळायची. कोंबड्या आत शिरताना एकेकीला हातात धरून गळ्याखालची थैली चाचपायची. थैली रिकामी लागली तर तिला परत बाहेर काढून ओंजळीतून चारायची. “भरल्या पोटाला थंडी वाजत नाय,” म्हणायची. पुढे कळलं की त्यात शास्त्र आहे. दाणा रात्रभर हळूहळू जिरतो आणि जिरताना अंगात ऊब तयार करतो. कोंबडीचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, साधारण ४१ अंशांचं. ती पिसं फुलवते, पिसांच्या मध्ये हवा धरून ठेवते, चोच पंखात खुपसते, एक पाय वर घेते. दुलई घेऊनच जन्माला आलेला जीव तो. तिची दुलई कोरडी राहिली पाहिजे, एवढीच अट.

ही अट मला नीट कळली ती संपाच्या वर्षी.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आमच्या जिल्ह्यातली किती माणसं असतील याची कल्पना वाडीकडे बघून यायची. शिमग्याला आलेले बापये त्या वर्षी परत गेलेच नाहीत. आमचे बाबाही राहिले. गणपतीपर्यंत मिटेल म्हणाले. गणपती गेले. दिवाळीपर्यंत मिटेल म्हणाले. दिवाळी गेली. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की ओटीवर पाच-सहा जण जमायचे, बातम्या संपल्या की न बोलता उठून जायचे. मनीऑर्डर बंद होऊन वर्ष होत आलं होतं. भात होतं म्हणून उपाशी राहिलो नाही, पण रोख पैसा घरात फक्त आयेच्या कोंबड्यांचा.

मी तेव्हा नववीत होते. डिसेंबर लागताच आयेने दोन खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. टोपलीत तूस, त्यात लोखंडाचा एक खिळा, वर बारा-बारा अंडी. थंडीच्या तोंडावर कोंबडी बसवणं ती एरवी टाळायची, पण त्या वर्षी तिने बोटांवर महिने मोजले होते. नाताळच्या सुमारास पिल्लं निघाली तर मेअखेर नर विकण्याजोगे होतात, आणि जूनमध्ये माझी दहावीची पुस्तकं, भाताचं बियाणं आणि खताची पिशवी, तिन्ही एकदम येतात. एकविसाव्या दिवशी चोवीस अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. तिने ती मोजली आणि पुन्हा मोजली.

पिल्लाच्या अंगावर पहिले काही आठवडे नुसती लव असते. ती दिसायला मऊ, पण थंडीला काही कामाची नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंश कमी चालते. ही ऊब त्याला आईच्या पोटाखाली मिळते. त्यामुळे दोन्ही कोंबड्या पिल्लांसकट पडवीत डालग्याखाली झाकलेल्या असायच्या, चुलीच्या भिंतीला लागून. वर घोंगडी, पण एका बाजूने हातभर उघडी.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात थंडीने जोर धरला. आये एका कार्यासाठी दोन दिवस माहेरी गेली. बाबांच्या हातांना वर्षभर काम नव्हतं. एकेकाळी दोन साचे सांभाळणारे हात ते. कुंपण झालं, लाकडं फोडून झाली, कौलं परतून झाली. त्या दिवशी त्यांनी खुराडं मनावर घेतलं. पहाटे पूर्वेकडून मतलई वारा सुटतो आणि चिऱ्यांच्या फटींतून आत शिरतो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. दिवसभर बसून त्यांनी एकेक फट शेणमातीने लिंपली. कौलांखाली खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या उसवून ताणून बसवल्या. दाराला आतून गोणपाट मारलं. काम इतकं नेटकं झालं की शेजारचे काका बघायला आले. पडवीत वारा लागतो म्हणून संध्याकाळी त्यांनी दोन्ही कोंबड्या पिल्लांसकट आत नेल्या आणि दार ओढून घेतलं. आत कंदील ठेवायचाही त्यांचा विचार होता, पण आजी म्हणाली, “नुको रे बाबा, तूस पेटला तर घर जाईल.” म्हणून तेवढं राहिलं.

सकाळी पहिल्या गाडीने आये आली. अंगावरची शाल न काढता ती आधी खुराड्याकडे गेली. दार उघडलं तसा आतून एक भपकारा आला, डोळ्यांत झोंबणारा. फळीवरच्या कोंबड्या चोची उघड्या टाकून बसलेल्या. आतले चिरे ओले, ताणलेल्या प्लास्टिकवरून थेंब ओघळून खाली तुसावर पडत होते. पिल्लांची लव अंगाला चिकटलेली. दोन कोपऱ्यात मरून पडली होती.

आयेने दोन्ही पिल्लं पदरात उचलून घेतली. बाबा पाठीमागे उभे होते. मला वाटलं, आता भांडण होणार. ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, “अवो, हात लावा हितं.”

बाबांनी भिंतीला हात लावला. तळवा ओला झाला.

“घाम फुटलाय खुराड्याला. कोंबडी थंडीनं नाय मरत, वलीनं मरते.”

बाबा बराच वेळ ओला तळवा बघत राहिले. मग म्हणाले, “साचाखातंच झालं की ह्ये.”

साचाखात्याबद्दल ते घरात कधी बोलत नसत. त्या सकाळी बोलले. साच्यावर सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून खात्यात ओल ठेवतात. खिडक्या बंद, हवेत पाण्याचा फवारा, अंगावर कापसाची पेर. आठ तास माणूस घामाने आणि वाफेने भिजतो. थंडीच्या दिवसांत रात्रपाळी सुटली की त्याच ओल्या अंगाने बाहेरच्या गारव्यात यायचं आणि छाती धरायची. “सूत तुटू नये म्हणून,” ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. त्यांचा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. तो कुठून आला हे मला त्या दिवशी खुराड्याच्या दारात कळलं.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने सगळं प्लास्टिक उतरवलं. खालच्या फटी मात्र लिंपलेल्याच ठेवल्या, कारण खालून येणारा वारा थेट कोंबडीच्या अंगावर जातो. कौलांच्या लगेच खाली, बसायच्या फळीच्या बरंच वर, समोरासमोर दोन चिरे निम्मे तोडून त्यांनी चार बोटं रुंदीच्या दोन फटी काढल्या. मुंगूस आणि रानमांजर शिरू नये म्हणून त्यांना बांबूच्या काड्यांची घट्ट जाळी बसवली. कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठेची वाफ ऊन असते, ती वर जाते आणि तिथून निघून जाते. खाली कोंबड्या वाऱ्याच्या आड बसतात. ओला तूस काढून नवा घातला. पिल्लं पुन्हा पडवीत डालग्याखाली गेली आणि दोन दिवसांत चिवचिवायला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा माझ्याआधी उठले होते. दार उघडून त्यांनी पहिल्यांदा आतल्या भिंतीला हात लावला. मग मला म्हणाले, “कोरडी हाय.”

सतरा राहिली होती. एक घारीने नेलं, एक परड्यात साप चावून गेलं. मे महिन्यात पंधरा होती, त्यांत आठ नर. पाच चाकरमान्यांकडे गेले, तीन एका लग्नघरी. कोंबडे पोचवायला बाबा जायचे आणि पैसे आणून आयेच्या हातावर ठेवायचे. जूनमध्ये माझी पुस्तकं आली, बियाणंही आलं. खत मात्र निम्मंच घेता आलं. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत. बाबांना परत बोलावणं आलं नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या कलमांच्या बागांत राखणीत आणि फवारणीत काढलं.

खरं सांगायचं तर आमच्या कोंबड्यांचा खरा हिवाळा पौष-माघात नसतोच, तो आषाढात असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप नाही, पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडतंय. पारा वीस-बावीसच्या खाली जात नाही, तरी कोंबडी त्या दिवसांत जास्त आकसते, कारण तिची दुलई ओली असते. भिजलेली पिसं एकमेकांना चिकटली की मधली हवा जाते आणि ऊबही जाते. त्यामुळे आगोटीच्या बेगमीत आये आपल्या सुक्या मासळीबरोबर कोंबड्यांसाठी दोन गोणी तूस माळ्यावर टाकून ठेवायची. पावसाळ्यात दर चार दिवसांनी वरचा थर हलवायचा, भिजला असेल तिथला काढायचा, थोडा चुना भुरभुरायचा. तूस मुठीत दाबून बघायचा. गोळा झाला तर ओला, मूठ उघडताच सुटला तर ठीक. आजही मी कुणाला सांगते तर हीच मूठ सांगते.

थंडी-पावसाच्या सांध्यावर मानमोडीही यायची, तिला पुस्तकात राणीखेत म्हणतात. ती ओलीने होत नाही, तिचा विषाणू असतो, आणि तिच्यावर लस हाच उपाय. आमच्या लहानपणी जनावरांच्या दवाखान्यातली लस थर्मासमध्ये बर्फ घालून वाडीत यायची. थंडीच्या दिवसांत कोंबड्या वाचवायला बर्फ लागतो, याचं आम्हा पोरांना फार नवल वाटायचं. पण गारठून, ओलीत बसून अशक्त झालेली कोंबडी कुठल्याही आजाराला आधी बळी पडते, हे आये आणि दवाखान्यातले डॉक्टर दोघंही सांगायचे.

काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत बहिणीच्या मुलीचा फोन आला. ती कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात गावाबाहेर राहते. अंगणात तिने सहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला आहे. तिथे पारा शून्याखाली तीस अंश जातो. तिने कोंबड्याचा फोटो पाठवला. मोठा उभा तुरा, पण त्याची टोकं काळी पडलेली. हिमदंश म्हणतात त्याला. तुऱ्याला आणि चोचीखालच्या लोंबत्या लाल पदरांना पिसांची दुलई नसते. रक्त तिथवर पोचेनासं झालं की टोकं आधी फिकट, मग काळी पडतात आणि गळून जातात. म्हणून तिथल्या लोकांनी वेगळ्या कोंबड्याच तयार केल्या. क्युबेक प्रांतातल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेर नावाची जात बनवली. तिला तुरा जवळजवळ नसतोच. हे सगळं भाचीने वाचलं होतं. तुऱ्याला व्हॅसलिनही लावून झालं होतं.

“आजी, एक फट ठेवलेली नाही गं. दिवापण लावलाय. तरी असं का?” तिने विचारलं.

आये तेव्हा सत्तरीत होती. बर्फ तिने आयुष्यात पाहिला तो लशीच्या थर्मासमध्ये आणि मासळीच्या टोपलीत. ती म्हणाली, “बाय, सकाळी आतल्या भिंतीला पानी असतं काय गो?”

“पाणी नाही, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ असतो.”

“मंग तोच तुऱ्यावर बसतोय. वरती भोक पाड. खाली नको, वरती.”

भाचीने त्या रविवारी नवऱ्याकडून छताखाली दोन झडपा करून घेतल्या. ओला भुसा काढला, पाण्याचं भांडं रात्री बाहेर ठेवायला लागली. कोंबड्याची काळी टोकं यथावकाश गळाली, ती काही परत यायची नव्हती. पण काळं आणखी खाली उतरलं नाही. पुढच्या हिवाळ्यात एकाही कोंबडीच्या तुऱ्याला काही झालं नाही. पहिल्यांदा फार भीती वाटली, तिने सांगितलं. बाहेर एवढी थंडी असताना भिंतीला भोक पाडायला हात धजत नव्हता.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, आयेलाही आता तीन. घर स्लॅबचं झालं, चिऱ्याचं खुराडं त्यात गेलं. वहिनी गिरिराज आणि गावठी अशा तीसेक कोंबड्या बाळगते. बचत गटाच्या यंत्रात अंडी उबवून आणते आणि पिल्लांना बल्बची ऊब देते. बल्ब किती खाली टांगायचा हे ती पिल्लांकडे बघून ठरवते. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोची उघडल्या तर गरम होतंय, सगळीकडे सारखी पसरून दाणा टिपत असली तर बरोबर. वीज गेली की पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून चुलीपाशी नेते.

गेल्या नोव्हेंबरात भावाने नवं खुराडं उभं केलं, लोखंडी पत्र्याचं. मी चिपळूणहून गेले होते, ओटीवर बसून बघत होते. चार पत्रे उभे करून झाले, वरचा पत्रा चढवायच्या आधी त्याने कातरी घेतली आणि समोरासमोरच्या पत्र्यांच्या वरच्या कडेला चार-चार बोटांची पट्टी कापून काढली. अजून दार व्हायचं होतं. संपाच्या वर्षी तो चार वर्षांचा होता, त्याला त्यातलं काही आठवत नाही. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, “असतंच ना तिथं,” आणि जाळी मोजायला लागला.